वूव्रे: एकाच द्राक्षाची कोरडी, अर्धगोड, गोड आणि फेसाळ वाइन कशी निवडावी, कशासोबत प्यावी

फ्रान्सच्या पांढऱ्या वाइन्समध्ये जेवणाशी सगळ्यात छान जुळवून घेणारी कोणती, असं कुणी विचारलं तर मी वूव्रेचं नाव घेतो. पण ही वाइन पहिल्यांदा विकत घेणाऱ्याची फसगत होण्याची शक्यता बरीच असते. शाब्ली घेतली तर ती कोरडी असणार हे आधीच माहीत असतं, म्हणजे तिच्यात साखर जवळपास उरलेली नसते. वूव्रेचं तसं नाही. त्याच गावच्या त्याच द्राक्षाची वाइन अगदी कोरडी, किंचित गोड, चांगलीच गोड किंवा फेसाळ अशी चार तऱ्हांनी मिळते आणि चारही बाटल्यांवर ठळक अक्षरात एकच नाव असतं. त्यामुळे वूव्रे घेताना आधी तिच्यातला गोडवा ओळखायचा आणि मग पदार्थ ठरवायचा. या लेखाचा क्रमही तोच आहे.

आधी गाव आणि त्याखालचा दगड

वूव्रे हे लुआर नदीच्या उत्तर काठावरचं, तूर शहराच्या पूर्वेला लागूनच असलेलं छोटं गाव. १९३६ साली त्याला अपेलास्यों, म्हणजे भौगोलिक नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं. रोशकोर्बों, व्हेर्नू, नुआझे, शांसे अशा शेजारच्या गावांतल्या बागाही त्यात मोडतात. सगळं मिळून क्षेत्र साधारण २,००० हेक्टर.

या भागाची खरी दौलत जमिनीखाली आहे. तुफो नावाचा पिवळसर पांढरा, मऊ चुनखडक इथे सर्वत्र सापडतो. लुआरकाठचे प्रसिद्ध राजवाडे याच दगडाचे. तो काढताना डोंगरात ज्या खाणी पडल्या, त्यांचीच पुढे वाइनची तळघरं झाली. काही ठिकाणी लोकांनी कड्यात घरंही कोरली आहेत. या तळघरांचं तापमान उन्हाळ्या-हिवाळ्यात १२ अंशांच्या आसपास राहतं. अशा गारव्यात आंबवण सावकाश होतं, कधी ते महिनोन् महिने चालतं, कधी थोडी साखर शिल्लक असतानाच थांबतं. वूव्रेच्या अर्धगोड चवीमागे ही थंडी आहे.

वर डोंगरमाथ्यावर दोन तऱ्हेची माती आढळते. गारगोटी मिसळलेल्या चिकणमातीला स्थानिक लोक पेर्युश म्हणतात, चुनखडीयुक्त चिकणमातीला ओब्युई. पेर्युशमधली वाइन ताठ, धारदार लागते आणि ओब्युईमधली भरीव. गावचे मेयर राहिलेले गास्तों ह्युए हे इथल्या सर्वांत नामांकित घराण्यांपैकी एकाचे. १९२८ साली सुरू झालेल्या या घराण्याच्या ल ओ-ल्यू, ल मों आणि क्लो द्यू बूर अशा तीन बागा आहेत. तिन्हींची वाइन वेगवेगळ्या बाटल्यांत भरतात, कारण दगड आणि माती बदलली की चव बदलते. वेगवान टीजीव्ही रेल्वेचा मार्ग या बागांमधून जाणार होता, तेव्हा ह्युए यांनी त्याविरुद्ध लढा दिला. आज ती गाडी वूव्रेच्या बागांखालून बोगद्यातून जाते.

द्राक्ष: शेनिन ब्लाँ

वूव्रेत व्यवहारात एकच द्राक्ष असतं, शेनिन ब्लाँ. तिथले जुने लोक त्याला पिनो द ला लुआर म्हणतात, पण पिनो नुआर हे तांबड्या वाइनचं द्राक्ष वेगळं.

शेनिनला फूट लवकर येते आणि ते पिकतं उशिरा. एप्रिलमध्ये कोवळे डोळे फुटलेले असताना दहिवर गोठलं की पीक हातचं जातं. २०१६ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये लुआर खोऱ्यात असंच झालं. २०१३ च्या जूनमध्ये तर गारपिटीने वूव्रेच्या बागा झोडपल्या. आपल्याकडचा बागायतदार हे वाचताना मान डोलावेल.

एका बागेतले सगळे घड एकदम पिकत नाहीत. म्हणून चांगले उत्पादक तोडणी फेऱ्याफेऱ्यांनी करतात. प्रत्येक फेरीला फक्त तयार घड, कधी घडातले निवडक मणीच काढायचे. सप्टेंबरमध्ये ताजे, आंबट मणी फेसाळ आणि कोरड्या वाइनसाठी जातात, ऑक्टोबरचे अर्धगोडासाठी, आणि हवामानाने साथ दिली तर त्यानंतरचे गोडासाठी. सीस आणि ब्रेन या लहान नद्यांवरून सकाळी धुकं चढतं आणि दुपारी ऊन पडतं. अशा वेळी मण्यांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. तिच्यामुळे सालीला सूक्ष्म छिद्रं पडतात, मण्यातलं पाणी उडून जातं, आणि साखर, आम्ल नि सुगंध एकवटतात. खाण्याच्या द्राक्षावर हीच बुरशी आली तर माल फेकावा लागतो. वूव्रेत मात्र शेतकरी तिची वाट पाहतो. धुकं पडलं नाही तर ऊन-वाऱ्याने वेलीवरच सुकलेले मणीही चालतात. १९२१, १९४७, १९५९, १९८९ आणि १९९० ही गोड वूव्रेची गाजलेली वर्षं.

एवढं सगळं एका द्राक्षाला जमतं ते त्याच्या आंबटपणामुळे. शेनिन कितीही पिकलं तरी त्याची आम्लता सहसा टिकून राहते. त्यामुळे गोड वूव्रे पिऊन तोंड चिकट होत नाही आणि कोरडी वूव्रे सपक लागत नाही. तिच्या दीर्घायुष्याचंही मुख्य कारण हेच. चांगली गोड वूव्रे अनेक दशकं सहज जगते.

तरुण वाइनला हिरवं सफरचंद, पेअर, क्विन्स नावाचं पेअरसारखं सुगंधी फळ, कॅमोमाइल आणि ओल्या दगडाचा वास असतो. काही वाइनला ओल्या लोकरीसारखा वासही येतो. तो दोष समजू नका, शेनिनची ती ओळख आहे. जुनी झाली की मध, मेण, अक्रोड, सुकं जर्दाळू. वूव्रेत नव्या ओकचा वापर सहसा कमीच होतो. जुनी मोठी पिंपं किंवा स्टीलच्या टाक्या वापरतात, त्यामुळे व्हॅनिला किंवा लाकडाचा वास शोधू नका.

पायरी पहिली: लेबल वाचणं

आधी बाटलीचं बूच बघा. तारेच्या जाळीने बांधलेलं फुगीर बूच असेल तर वाइन फेसाळ, साधं असेल तर शांत. वूव्रेच्या एकूण उत्पादनात अर्ध्याहून अधिक वाटा फेसाळ वाइनचा असतो, त्यामुळे दुकानात ती समोर येण्याचा संभव बराच. गोडव्याचे शब्द दोन्हींना वेगळ्या मापाने लागतात, म्हणून ही तपासणी आधी करायची.

शांत वाइनवर एस-ई-सी अशी तीन अक्षरं, म्हणजे सेक, दिसली तर ती कोरडी. युरोपीय नियमानुसार तिच्यात लिटरला ४ ग्रॅम साखर चालते, आणि आम्लता पुरेशी असेल तर ९ ग्रॅमपर्यंत. दमी-सेक म्हणजे अर्धगोड: साधारण १२, आम्लता जास्त असल्यास १८ ग्रॅमपर्यंत. त्याच्या वर ४५ ग्रॅमपर्यंत म्वालू, आणि ४५ च्या पुढे दू. अंदाज यावा म्हणून सांगतो, कोलासारख्या शीतपेयात लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे दमी-सेक ऐकायला वाटते तेवढी गोड नाही, आणि आंबटपणामुळे ती जिभेला आणखी कमी गोड लागते.

फेसाळ वाइनवर मात्र "सेक" लिहिलेलं असेल तर सावध राहा. तिथे सेक म्हणजे लिटरला १७ ते ३२ ग्रॅम साखर, आणि दमी-सेक म्हणजे ३२ ते ५०. कोरडी फेसाळ हवी असेल तर ब्रूट घ्या, तिच्यात १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. पेतियाँ हा शब्द सौम्य बुडबुड्यांच्या वाइनसाठी आहे, तर मूसू म्हणजे भरपूर फेसाची. दोन्हींत दुसरं आंबवण शँपेनप्रमाणे बाटलीतच होतं. जेवणासोबत मला पेतियाँ जास्त आवडते, कारण तिचे बुडबुडे पदार्थाच्या चवीवर कुरघोडी करत नाहीत.

आता अडचण अशी की काही लेबलांवर गोडव्याचा उल्लेखच नसतो. अशा वेळी मागचं लेबल बघा, त्यावर कधी कधी गोडव्याची पट्टी छापलेली असते. अल्कोहोलचं प्रमाणही थोडं सांगून जातं. पिकलेल्या वर्षाच्या शांत वूव्रेवर ११ किंवा ११.५ टक्के लिहिलेलं असेल तर सगळ्या साखरेचं अल्कोहोल झालेलं नाही, असा तर्क बहुतेकदा बरोबर निघतो. तरी खात्री हवी असेल तर दुकानदाराला सरळ विचारा, किंवा उत्पादकाच्या नावावरून माहिती काढा. "मीझ आं बुतेय ओ दोमेन" असा मजकूर असेल तर वाइन बाग राखणाऱ्यानेच बाटलीत भरलेली आहे, आणि माझ्या मते निवडीत याला वजन द्यावं. गोड बाटलीवर "प्रमिये त्री" दिसलं तर ती पहिल्या निवडक तोडणीची, म्हणजे उत्पादकाच्या मते सर्वांत उत्तम मालाची.

वूव्रे मिळाली नाही तर नदीच्या पलीकडच्या काठावरची मोंलुई घ्या. द्राक्ष तेच, १९३८ पासून वेगळं नाव, आणि स्वभाव थोडा हलका. फक्त कोरडीच हवी असेल तर आंजू भागातली साव्हेनियेर बघा, पण ती बरीच कठोर असते, तिला काही वर्षं द्यावी लागतात.

परदेशातून परतताना बाटल्या आणणाऱ्यांसाठी: भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला मद्य २ लिटरपर्यंत शुल्काशिवाय आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही.

नाशिकचा शेनिन: सरावासाठी उत्तम

नाशिकला शेनिन ब्लाँ नवं नाही. सुलाच्या २००० साली आलेल्या पहिल्या वाइन्समध्ये शेनिन ब्लाँ होती, आणि उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाइनही पुढे तिथे बनू लागली. पण नाशिकचं गणित वेगळं. वूव्रे ४७ अंश उत्तर अक्षांशावर, नाशिक २० वर. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपतच नाही, त्यामुळे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. मणी पिकत असताना हवा तापत जाते, आम्ल लवकर उतरतं. म्हणून नाशिकची शेनिन जास्त फळाळ, मऊ लागते, पेरू-अननसाकडे झुकते.

एका संध्याकाळी दोन्ही पेले शेजारी ठेवून प्या. द्राक्ष एकच आहे हे ठाऊक असूनही जिभेवरचा फरक चकित करतो, आणि वूव्रेतला आंबटपणा नेमका किती आहे हे त्या तुलनेत जेवढं कळतं तेवढं वाचून कळत नाही.

पायरी दुसरी: थंड किती करायची

फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर चांगल्या वूव्रेचा वास दबतो आणि फक्त आंबट पाणी पोटात जातं. फेसाळ ६ ते ८ अंशांवर, कोरडी ८ ते १०, अर्धगोड १० च्या आसपास आणि जुनी गोड १० ते १२ वर द्यावी. घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. म्हणून शांत वाइन पिण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा. मे महिन्यात नागपुरात असाल तर दहा मिनिटं पुरे.

साठवण हा आपल्याकडचा खरा प्रश्न. ओट्यावरचं कपाट किंवा फ्रिजवरची जागा वाइनसाठी सर्वांत वाईट, कारण तिथे उष्णता सतत वर-खाली होते. वाइनसाठी वेगळा फ्रिज नसेल तर घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात बाटली आडवी ठेवा आणि दोन-चार महिन्यांत संपवा. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका. थंडीने टार्टारिक आम्लाचे क्षार खाली बसतात, ते निरुपद्रवी असतात. शेवटचा घोट हळू ओता, इतकंच.

पेला ट्युलिपच्या आकाराचा घ्या. फेसाळ वाइनसाठीही उंच अरुंद पेल्यापेक्षा हाच बरा, कारण नाकाला जागा मिळते. एका बाटलीत १५० मिलीचे पाच पेले होतात.

पायरी तिसरी: चार चिमटींचा प्रयोग

जेवायला बसण्याआधी एकदा हे करून बघा. एका बशीत मीठ, साखर, लिंबाची फोड आणि तिखट अशा चार चिमटी ठेवा. वूव्रेचा एक घोट घ्या, मग मिठाचा कण जिभेवर ठेवून पुन्हा घोट. वाइन एकदम मऊ लागेल. लिंबानंतर ती गोड वाटेल. साखरेनंतर तीच वाइन कोरडी, कडवट आणि आंबट. तिखटानंतर अल्कोहोल घशाला चटका देईल, पण वाइनमध्ये थोडी साखर असेल तर तो चटका निवेल.

पदार्थ कुठलाही असो, मग तीन गोष्टी बघायच्या: वाइन निदान पदार्थाइतकी गोड हवी, निदान त्याच्याइतकी आंबट हवी, आणि तिखटासमोर थोडी साखर हवी.

पायरी चौथी: ताटात काय

सुरुवात तिथल्याच स्वयंपाकघरापासून करू. तुरेन प्रांतात शेळीच्या दुधाचं सेंत-मोर द तुरेन नावाचं चीज बनतं. लांबट ओंडक्याच्या आकाराचं, वरून राखेचा थर, आणि आत आरपार एक काडी. १९९० पासून त्यालाही अपेलास्योंचं संरक्षण आहे. शेळीच्या चीजचा आंबटपणा आणि कोरड्या वूव्रेची धार एकमेकींना झेपतात. तांबडी वाइन या चीजसोबत बेचव लागते, हे मी पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे. लुआर नदीतला ‘सांद्र’ नावाचा मासा लोण्याच्या आंबट सॉससोबत, म्हणजे बर ब्लाँसोबत खातात, त्यालाही सेकच. शिंपल्यांसाठी, तिसऱ्यांसाठी किंवा कालवांसाठी ब्रूट.

अर्धगोड वूव्रेवर माझा जीव आहे, आणि दुर्दैवाने लोक तिलाच टाळतात, "गोड वाइन नको" म्हणून. तूरची खासियत म्हणजे सुक्या आलुबुखारासोबत शिजवलेलं डुकराचं मांस. सॉसमध्ये वूव्रेच असते, वर थोडी साय. आलुबुखाराचा गोडवा, मांसाची चरबी आणि साय या तिन्हींना एकाच वेळी तोंड द्यायचं तर कोरडी वाइन कमी पडते आणि म्वालू जास्त होते. साय घातलेली मशरूमची कोंबडीही अशीच. लुआरकाठच्या तुफोच्या जुन्या खाणींमध्ये मशरूमची लागवड होत आली आहे, म्हणजे वाइन आणि मशरूम दोघांनाही त्याच दगडाने आसरा दिला.

आपल्या ताटातही दमी-सेकला जागा आहे. अळूवडीत चिंच, गूळ, तिखट आणि तीळ सगळं असतं, अळूवडीसमोर मला दुसरी वाइन सुचत नाही. कोल्हापूरचा पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, मिऱ्याच्या सौम्य तिखटाचा, तोही जमतो. कोकणातलं नारळाचं दूध घातलेलं मासळीचं कालवण, मिरचीचा हात आवरलेला असेल तर छान. रव्यात तळलेली सुरमई किंवा कोळंबी लिंबू पिळून खायची असेल तर सेककडे वळा. भजी आणि कोथिंबीरवडीला ब्रूट, कारण बुडबुडे तेलकटपणा कापतात. तांबडा रस्सा, खानदेशी शेवभाजीची तर्री, मालवणी मसाल्याचं मटण यांच्यासमोर मात्र वूव्रे उघडू नका. मसाला वाइनला पूर्ण झाकतो आणि चांगली बाटली वाया जाते.

गोड वूव्रेचा जोडीदार आहे तार्त तातँ, म्हणजे कॅरॅमलमध्ये शिजवलेल्या सफरचंदांचा उलटा गोड टार्ट. तो जमतो कारण सफरचंद स्वतः आंबट असतं. निळ्या बुरशीचं खारट चीजही छान. गुलाबजाम, जिलबी, पुरणपोळी यांचा गोडवा वाइनपेक्षा खूप पुढे जातो, मग वाइन नुसती आंबट लागते. वीस वर्षं जुनी म्वालू हाती आली तर जेवण संपल्यावर ती एकटीच प्या, सोबत फार तर भाजलेले अक्रोड.

उरलेल्या वाइनचं

बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर कोरडी वूव्रे तीन-चार दिवस टिकते, गोड आठवडाभर. फेसाळ मात्र दाबून बसणारं खास बूच लावूनही दुसऱ्या दिवशी संपवावी.

कोरडी अर्धा-पाऊण पेला उरली असेल तर बर ब्लाँ करा. दोन चमचे अगदी बारीक चिरलेले छोटे सांबार कांदे, १०० मिली वाइन आणि दोन चमचे पांढरं व्हिनेगर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा. जेमतेम दोन चमचे रस उरला की आच अगदी बारीक करा. १५० ग्रॅम बिनमिठाच्या लोण्याचे फ्रिजमधून काढलेले थंड तुकडे एकेक करून घाला आणि सतत फेटत राहा. पहिला तुकडा विरघळत आला की दुसरा. सॉसला उकळी येऊ देऊ नका, नाहीतर लोणी फुटून तेल वेगळं होतं. दाटसर, फिकट पिवळं झालं की उतरवा, मीठ घाला, हवं तर गाळून घ्या. सांद्र आपल्याकडे मिळत नाही, पण वाफवलेला जिताडा किंवा पापलेट त्याची जागा उत्तम भरून काढतो. सॉस थांबत नाही, म्हणून मासा आधी तयार ठेवा.